मिरवणुकीची वाट

नगररचनेच्या उत्कृष्टतेस पारितोषिके देण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. मानचिन्ह, मानपत्र आणि समारंभ यांवाचून ती पुरी होत नाही. तथापि या देशातील असे सर्वांत अर्थपूर्ण पारितोषिक होळकरांच्या इंदुरात दिले गेले, असे आम्हांस वाटते. त्यात रक्कम नव्हती, मानचिन्हही नव्हते. ते पारितोषिक म्हणजे मिरवणुकीची वाट.

पॅट्रिक गेडिस हा मूळचा स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्रज्ञ. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने १९१७ च्या सुमारास त्यास नगराचा आराखडा करण्यासाठी पाचारण केले. शहरावर प्लेगाची छाया होती. हा दाढीवाला साहेब नकाशे घेऊन गल्ल्याबोळांतून हिंडू लागला, तेव्हा प्लेग आणणारा तो हाच, असे लोक बोट दाखवून म्हणू लागले. साहेब नकाशा घेऊन आला की घरे पडावयाची, हाच त्या काळचा लौकिक; तेव्हा लोकांस दोष तरी कसा द्यावा?

गेडिसने यावर योजलेला उपाय कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडणार नाही. त्याने एका दिवसापुरते महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीची थोर मिरवणूक जाहीर केली. मिरवणुकांचा हिंदूंचा मार्ग निराळा, मुसलमानांचा निराळा, अशी रीत होती. ही मिरवणूक या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने न जाता, ज्या रस्त्यांवर अधिकांत अधिक घरे झाडून, दुरुस्त करून सज्ज होतील त्या रस्त्यांनी जाईल, असे त्याने कळविले. मग काय विचारता! घरांतून आणि अंगणांतून वर्षानुवर्षांचा केर गाड्या भरभरून निघाला.

मिरवणुकीत लक्ष्मी होती, तसा घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा भला मोठा उंदीरही होता. रात्री त्यांचे दहन झाले. परंतु आम्हांस मोलाचे वाटते ते निराळेच. शहराचे झाडूवाले त्या मिरवणुकीत स्वच्छ वस्त्रे लेवून, गळ्यात हार घालून, मानकरी म्हणून चालले. दरबारी थाटाच्या त्या नगरात हे दृश्य लहानसहान नव्हते.

१९१८ साली त्याचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, अगदी अवश्य तेवढेच कापावे, ही त्याची दृष्टी. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा अध्यापक झाला, आपले गो. स. घुर्ये हे त्याचे विद्यार्थी.

इंदुरास रीतसर पारितोषिके लाभली ती पुष्कळ उशिरा. पुण्यास जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या अरण्य वसाहतीस १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले. गरिबास तयार घर न देता जोते, नळ आणि शौचकूप असलेला भूखंड द्यावा व बाकीचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी ती योजना. १९९८ साली तेच पारितोषिक शहरातील झोपडवस्त्यांना गटारे, रस्ते आणि पाणी यांनी जोडणाऱ्या प्रकल्पास लाभले. यावर मात्र पुढे टीका झाली. नियोजनकार गीता दिवाण वर्मा यांनी वस्त्यांतील प्रत्यक्ष स्थिती आणि कागदावरील यश यांतील अंतर २००२ साली ग्रंथरूपाने मांडले. फायलीवर ‘काम पूर्ण’ असा शेरा मारण्यात ज्यांचा जन्म जातो, त्या आमच्यासारख्यांस यात नवल वाटावयास नको. परीक्षक येऊन गेल्यावर गटार कोण उपसतो, हा रकाना आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही तक्त्यात नसतो. गेडिसचे परीक्षण सोपे होते: रस्ता सर्वांच्या डोळ्यांसमोर, आणि परीक्षक शेजारीच.

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने वर्षामागून वर्षे पहिला क्रमांक पटकावला. घरोघरचा कचरा वेगवेगळा घेणे आणि रात्री रस्ते झाडणे हे तेथे खरोखरच घडले. ते श्रेय हिरावून घेता येणार नाही. परंतु २०२५ च्या डिसेंबरअखेर याच नगरातील भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. रस्ता स्वच्छ होता, दोष रस्त्याखाली होता. गेडिसच्या अहवालात विहिरी आणि सांडपाणी यांचे विवेचन बरेच विस्ताराने आले आहे.