ब्रेक-दिव्याचा स्विच

ब्रेक-दिव्याचा स्विच हा मोटारगाडीच्या ब्रेक पेडलाच्या दांड्याशी बसविलेला लहान विद्युत स्विच होय. पेडल दाबताच गाडीमागील तांबडे दिवे लावणे हे त्याचे मूळ कार्य. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाड्यांत त्याचा संकेत इंजिनाच्या नियंत्रण-संगणकाकडेही जातो. त्यामुळे मागचे दिवे सतत जळणे आणि गाडीने वेग न घेणे, ही वरकरणी असंबद्ध लक्षणे एकाच दोषातून उद्भवू शकतात.

कार्य व दोष

पेडल वर असताना स्विचची दांडी आत दाबलेली राहते. पेडल खाली जाताच ती बाहेर येते व दिवे लागतात. पेडलावरील रबराची वा प्लास्टिकची लहान गुंडी कालांतराने ठिसूळ होऊन तुटते. मग दांडी बाहेरच राहते आणि दिवे विझत नाहीत. ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्याचा संकेत मिळाल्यास अनेक गाड्यांत संगणक ब्रेकला प्राधान्य देऊन इंजिनाची शक्ती घटवतो. २००९-१० मध्ये अनियंत्रित वेगवाढीच्या तक्रारींवरून टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यानंतर ही व्यवस्था अधिक रूढ झाली. तारेने चालणाऱ्या थ्रॉटलच्या जुन्या गाड्यांत असा संबंध नसतो.

तपासणी

पायाच्या बोटांनी पेडल वर उचलल्यावर दिवे विझले, तर पेडल पूर्ण वर येत नाही किंवा स्विचची जागा ढळली आहे असे समजावे. स्विचची दांडी बोटाने दाबून ते विझले, तर गुंडी तुटली असण्याचा संभव अधिक. तरीही न विझल्यास बहुधा स्विचच निकामी असतो. गुंडीची किंमत अगदी किरकोळ असल्याने इंजिन उघडण्यापूर्वी हे पाहणे शहाणपणाचे. एकच दिवा लागत नसेल तर बल्ब वा अर्थिंग, सर्वच लागत नसतील तर प्रथम फ्यूज पाहतात. स्विच ठीक असूनही गाडी ओढत नसेल आणि एखादे चाक फार तापत असेल, तर ब्रेक पकडून राहिलेला असतो.

घाटरस्त्यांवरील महत्त्व

माण तालुक्यातील दहिवडीहून फलटणकडे जाताना मोगराळे घाट उतरावा लागतो. अशा उतारावर सतत जळणाऱ्या दिव्यांमुळे पुढची गाडी खरोखर केव्हा थांबते आहे हे मागील चालकास कळत नाही. पकडून राहिलेल्या ब्रेकचा धोका याहून मोठा आहे : उष्णतेने ब्रेक ऑइल उकळल्यास पेडल खोल जाते आणि ब्रेक लागत नाही. खालच्या गिअरात इंजिनाच्या रोधाने वेग कमी केला, तर निर्दोष गाडीचाही ब्रेक-दिवा सहसा लागत नाही. म्हणून मागील वाहनाने घाटात अधिक अंतर ठेवणे आवश्यक असते.