फायब्रोमायल्जिया: दुखऱ्या जागांपासून दिवसभराच्या त्रासापर्यंत

“डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग कणीक मळतानाही हात का भरून येतात?” फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांचा हा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधताना वैद्यकशास्त्रही बराच काळ चाचपडत होतं.

१९०४ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम गॉवर्स यांनी या दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं. स्नायूंमधल्या तंतूंना सूज येते, असा त्यांचा समज होता. पुढे तशी सूज सापडली नाही. १९७५ मध्ये कॅनडात डॉ. हार्वे मोल्डोफ्स्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तर त्यांचंही अंग दुखू लागलं! १९७६ मध्ये ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव पुढे आलं. यातला ‘अल्जिया’ म्हणजे वेदना. आज आपण जाणतो, की यात मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून पोहोचवते. म्हणूनच रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये हा आजार दिसत नाही.

१९९० च्या अमेरिकन निकषांनुसार तीन महिने अंगभर वेदना हव्यात आणि ठरावीक १८ जागांपैकी किमान ११ जागा दाबल्यावर दुखायला हव्यात. थकवा, न लागणारी झोप, विसराळूपणा यांना त्यात स्थान नव्हतं. रुग्णाचा दिवस तर यांनीच बिघडतो! २०१० च्या निकषांत अखेर त्यांचा समावेश झाला.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर कुठे दुखतं एवढंच सांगू नका. झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, कोणती कामं अर्धवट राहतात, गॅसवरचं दूध विसरायला होतं का, हेही सांगा. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.