सूर्य आणि पांढरा शर्ट: ईएक्सआर फाइलची गोष्ट

उन्हात उभ्या माणसाचा फोटो काढा. त्याचा पांढरा शर्ट आणि मागचा सूर्य, दोन्ही जेपेगमध्ये २५५ होऊन बसतात. कारण प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे फक्त २५६ पायऱ्या. आता व्हीएफएक्सवाल्याने हे चित्र दुसऱ्या चित्रावर बसवताना प्रकाश कमी केला, की सूर्यही शर्टासारखाच राखाडी. गेलेला उजेड परत आणता येत नाही.

कोडॅकने १९९० च्या दशकात सिनेऑन आणलं. रंगाला १० बिट, तेही लॉग पद्धतीने. स्कॅन केलेल्या फिल्मसाठी ते झकास होतं. पण कॉम्प्युटरवर बनवलेल्या स्फोटाचा उजेड फिल्मच्या मर्यादेत थोडाच बसतो?

मग थेट ३२ बिट फ्लोट वापरा की! हिशोब करू. २०४८ × १५५६ ची फ्रेम, चार चॅनेल: सुमारे ५१ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. १९९९ च्या हार्ड डिस्कवर हे कोण ठेवणार?

त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’वाल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने ओपनईएक्सआरवर काम सुरू केलं. त्यातला ‘हाफ’ हा १६ बिटांचा आकडा मला भारी आवडतो: १ बिट चिन्हाला, ५ घातांकाला, १० बारकाव्याला. निम्म्या जागेत ६५,५०४ पर्यंत मजल!

जानेवारी २००३ मध्ये त्यांनी हे सगळं मोफत खुलं केलं, प्रतिस्पर्ध्यांनाही. त्याचं फळ बघा: पिक्सार आणि ड्रीमवर्क्सने आपापली कॉम्प्रेशन पद्धत त्यात घातली.

आणि कॉम्प्रेशन निवडताना फक्त फाइलची साइज बघू नका. ‘झिप’ १६ ओळींचं एक गाठोडं बांधतं, ‘झिप्स’ एकेका ओळीचं. न्यूक सॉफ्टवेअर ओळीओळीने वाचतं; एका ओळीसाठी १६ कशाला सोडायच्या? म्हणून फाइल थोडी मोठी झाली तरी कॉम्पोझिटर झिप्स मागतात. दाणेदार फिल्म असेल तर ‘पिझ’ चांगलं दाबतं. ड्रीमवर्क्सचं ‘डीडब्ल्यूएए’ फाइल खूप लहान करतं, पण थोडी माहिती गाळतं.

हाफ सगळीकडे मात्र चालत नाही हं. त्यात २०४८ नंतर थेट २०५०. २०४९ लिहिताच येत नाही. रंगात ते कुणाला दिसणार नाही, पण वस्तू कुठे आहे हे सांगणाऱ्या पोझिशन पासमध्ये फरक पडतो. तो पास अजूनही ३२ बिटांतच काढतात.