काचेतले पाणी : माशांच्या टाकीचा विसरलेला इतिहास

१/ दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे जोग नदी समुद्राला मिळते. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. माशांनी टाकलेली घाण वाहून जाते, ताजे पाणी आत येते. घरातील काचेच्या टाकीत मात्र भरती येत नाही. मग तेथे हे काम कोण करते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे ४० वर्षे लागली. #थ्रेड

२/ ब्रिटनने १८४५ मध्ये काचेवरील कर उठवला आणि काच स्वस्त झाली. १८४९ मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा त्यांचा हिशेब होता.

३/ हिशेब चुकला. जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने फस्त केली, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

४/ १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक आले आणि घरोघरी टाक्या दिसू लागल्या. तथापि अनेक टाक्यांतले मासे मरत. वॉरिंग्टन यांच्या हिशेबात एक भागीदार राहून गेला होता.

५/ १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी सांडपाणी वाळूच्या थरातून झिरपवले. आरंभी काहीच घडले नाही. सुमारे २० दिवसांनी पाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. वाळूत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे हे काम सजीवांचे होते! १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

६/ मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, काही पुढे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात. त्याआधीच मासे गर्दीने भरले, तर आरशासारखे स्वच्छ दिसणारे पाणीही त्यांचा जीव घेते.

७/ महाराष्ट्रात या विद्येला १९५१ मध्ये मोठे घर मिळाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले.

८/ कोकणातील उन्हाळा हा हिशेब अधिक कडक करतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात तापलेल्या पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून मासे थोडे, खाद्य बेताचे आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलणे, हाच नियम. सगळे पाणी एकदम उपसून गाळणी नळाखाली खळखळून धुणे म्हणजे त्या अदृश्य भागीदारालाच घराबाहेर काढणे.

९/ आंजर्ल्याच्या खाडीत जे काम भरती-ओहोटी आपोआप करते, ते टाकीत निम्मे जिवाणू करतात. उरलेले निम्मे पाळणाऱ्याच्या हातचे!