पंगत ते पहाट : 111 तासांचा घटनाक्रम

खालचा घटनाक्रम कोणा एका रुग्णाचा नाही. मूत्रपिंडविकार, बेताल ठोके आणि रक्त पातळ करणारी गोळी अशा तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या रुग्णांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका माणसावर रचून दाखवलं आहे. आकडे वैद्यकशास्त्रात बसणारे आहेत. माणूस आणि वार कल्पित.

त्यांना आप्पा म्हणू. वय 74, वजन 58 किलो, सातारा जिल्ह्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. मधुमेह जुना. क्रिएटिनिन 2.6, म्हणजे मूत्रपिंडाचं काम साधारण एक चतुर्थांश उरलेलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल. डॉक्टरांच्या भाषेत एट्रियल फिब्रिलेशन. डबीत पाच औषधं: रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिनोकुमॅरॉल, ठोके आवरायला मेटोप्रोलॉल आणि आठवड्यातून पाच दिवस डिजॉक्सिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लघवी वाढवायला टॉर्सेमाइड. मागच्या तपासणीत सगळे आकडे ठीक होते. चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

गुरुवार, दुपारी 2. 111 तास बाकी

मे महिना, पुतणीचं लग्न. आप्पा पंगतीला बसतात, मठ्ठा दोनदा मागून घेतात. अंगावर घाम, घरी परतायला तास.

या क्षणी त्यांच्या शरीरात एक अवघड तोल सांभाळला जातोय. बेताल ठोक्यांमुळे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, विशेषतः त्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात, रक्त साचतं आणि गुठळी धरू शकतं. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट होतो, म्हणून रक्त पातळ ठेवायचं. पण मूत्रपिंड कमजोर असलं की युरिया वाढतो आणि प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, म्हणून रक्तस्रावही लवकर होतो. एकाच माणसाला गुठळीचं भय आणि रक्तस्रावाचंही. दोन्हींच्या मधली वाट अरुंद असते. आयएनआर नावाची तपासणी ती मोजते, आणि आकडा 2 ते 3 च्या दरम्यान असावा लागतो. आप्पांचा महिन्यापूर्वीचा आकडा 2.4.

शुक्रवार, पहाटे 3. 98 तास बाकी

पोटात कळ, जुलाब. उजाडेपर्यंत पाच वेळा. लग्नाला गेलेल्या आणखी तिघांचं तेच, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेत नाही.

शुक्रवार, सकाळी 10. 91 तास बाकी

सकाळच्या गोळ्या घेऊन आप्पा गावातल्या दवाखान्यात जातात. डॉक्टर पोट दाबून बघतात, ताप बघतात, मेट्रोनिडाझोल आणि ओआरएसची पाकिटं देतात. “आप्पा, पाणी पीत राहा.” जुलाबावर यात गैर काही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विषय निघत नाही, कारण डबी घरी आहे.

आत दोन गोष्टी सुरू झाल्या. अंगातलं पाणी जातंय, आणि सकाळच्या टॉर्सेमाइडने ते आणखी बाहेर काढलं. दुसरं, अ‍ॅसिनोकुमॅरॉल यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे निकामी होतं, त्याचंच काम मेट्रोनिडाझोल मंदावतं. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांत गोळी तेवढीच राहते आणि तिचा जोर वाढत जातो.

इथे एका प्रश्नाने बरंच टळलं असतं: “रोजची औषधं कोणती?”

शनिवार, दुपारी 12. 65 तास बाकी

तोंडाला चव नाही. सून शहाळी आणते. “आप्पा, एवढं घ्या, ताकद येईल.” आप्पा दोन संपवतात. एका शहाळ्याच्या पाण्यात एका केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड ते काही तासांत बाहेर टाकतं. आप्पांना सकाळपासून लघवी एकदाच झाली आहे, तीही गडद. मोरी तुंबलेली असताना वरून पाणी सोडत राहावं, तसं चाललंय.

मोरी तुंबली की औषधंही अडकतात, पण सगळी सारखी नाहीत. मेटोप्रोलॉलचा निचरा यकृत करतं. डिजॉक्सिनचा बहुतेक मूत्रपिंड करतं. मूत्रपिंड चांगलं असताना दीड-दोन दिवसांत रक्तातलं डिजॉक्सिन निम्म्यावर येतं, मूत्रपिंड जवळजवळ बंद असेल तर चार-पाच दिवस लागतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांतही हाच फरक आहे. डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के मूत्रपिंडातून जातं, अ‍ॅपिक्साबॅन साधारण 27 टक्के. म्हणून अशा रुग्णांत डॉक्टर अ‍ॅपिक्साबॅनकडे जास्त झुकतात, आणि त्याच्याही डोसला नियम आहे: वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा अधिक, यांपैकी दोन लागू असतील तर 5 मिलिग्रॅमऐवजी 2.5.

आप्पांना तीही गोळी का दिली नाही? ज्या मोठ्या चाचण्यांनी या औषधांना मान्यता मिळवून दिली, त्यांनी आप्पांसारख्यांना बाहेरच ठेवलं होतं. अ‍ॅपिक्साबॅनच्या 2011 च्या अ‍ॅरिस्टॉटल चाचणीत 2.5 च्या वर क्रिएटिनिन असलेले रुग्ण नव्हते. डायलिसिसवरच्या रुग्णांत नंतर झालेल्या रीनल-एएफ आणि अ‍ॅक्सेडिया या चाचण्यांत रुग्ण इतके थोडे होते की ठाम निष्कर्ष निघाला नाही. प्रश्न सर्वात बिकट असतो तिथेच पुरावा सर्वात तोकडा. म्हणून काही डॉक्टर जुन्या गोळीवर राहतात, कारण तिचा परिणाम निदान मोजता येतो. अर्थात, मोजला तर.

शनिवार, रात्री 8. 57 तास बाकी

अंग मोडून आलंय, गुडघे ठणकतायत. नातू मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणतो. चिठ्ठी कोणी विचारत नाही. आप्पा एक गोळी आत्ता घेतात, एक झोपताना.

पाच दिवसांतली ही सर्वात महागडी गोळी. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंड आपल्या गाळणीतला दाब दोन युक्त्यांनी टिकवतं: आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवायची, बाहेर जाणारी आवळायची. डायक्लोफेनॅक पहिली युक्ती मोडतं, टेल्मिसार्टन दुसरी. टॉर्सेमाइडने पाणी आधीच घटवलेलं. गाळणीतला दाब कोसळतो. शिवाय वेदनाशामक गोळी जठराचं अस्तर दुखावते आणि प्लेटलेट आणखी सुस्त करते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती विचारल्याशिवाय घ्यायची नसते. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल चाललं असतं.

रविवार, सकाळी 9. 44 तास बाकी

जुलाब थांबले. घर निश्चिंत. आप्पा पेज घेतात, पण बसल्या जागी डुलक्या येतात. मुलगा रक्तदाबाचं यंत्र लावतो: 104 आणि 60, खाली नाडी 48. “बीपी जरा कमी आहे, अशक्तपणा असेल.” तिसऱ्या आकड्याकडे कोणी पाहत नाही. एरवी आप्पांची नाडी 75 ते 85 असते.

आता एक चक्र फिरू लागलंय. साचलेल्या पोटॅशियमने हृदयाच्या विजेचा वेग मंदावतो. मेटोप्रोलॉल आणि डिजॉक्सिन आधीच ठोके आवरून आहेत. ठोके मंदावले की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं. मूत्रपिंड आणखी बसतं. पोटॅशियम आणखी चढतं. पोटॅशियम एकट्याने जीव घेण्याइतकं नसतं, गोळ्याही नेहमीच्याच असतात, तरी दोन्ही मिळून हृदय थांबवू शकतात. जॉश फारकस या अमेरिकन अतिदक्षता तज्ज्ञाने 2016 मध्ये या गुंत्याला ‘ब्रॅश’ असं नाव दिलं. तोवर डॉक्टरही त्याचे तुकडे वेगवेगळे पाहत. कोणाला मंद नाडी दिसे, कोणाला बिघडलेलं मूत्रपिंड.

सोमवार, सकाळी 11. 18 तास बाकी

दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं आणि थांबायला वेळ लागतो. दंडावर निळा डाग, कुठे लागल्याचं आठवत नाही. आज आयएनआर तपासायची तारीख होती. “आप्पांच्यात त्राण नाही, गुरुवारी बाजाराला जाऊ तेव्हा करू,” असं ठरतं.

आज तपासणी झाली असती तर आकडा 5 च्या पुढे आला असता. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनही त्याच सुईतून कळलं असतं. गोळ्या थांबवून, सलाईन लावून, फार तर दोन दिवस दवाखान्यात राहून आप्पा घरी आले असते. या घटनाक्रमातला हा शेवटचा सोपा दरवाजा.

सोमवार, रात्री 9. 8 तास बाकी

आप्पा रात्रीच्या गोळ्या घेतात. आजी म्हणते, “आज राहू द्या की.” आप्पा ऐकत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं त्यांना बजावलेलं आहे, आणि ते बजावणं बरोबरच होतं. मनाने ती थांबवणारे पक्षाघाताने आडवे होतात. पण ‘चुकवू नका’ याच्या जोडीला ‘आजारी पडलात तर कळवा’ हे सांगायचं राहून गेलेलं.

मंगळवार, पहाटे 5. शून्य

आप्पा लघवीला उठतात. नाडी तिशीत. उभं राहताच मेंदूला रक्त पोहोचत नाही, डोळ्यांपुढे अंधार, आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर डोकं आपटतं. जखम लहान दिसते. आत, कवटी आणि मेंदूच्या मधली एक बारीक शीर फाटली आहे आणि रक्त गोठत नाही.

मंद नाडीने माणूस पाडला, पातळ रक्ताने ते पडणं जीवघेणं केलं. दोन्हीची सुरुवात एकाच जागी, शुक्रवारच्या जुलाबात.

सकाळी 5:20 ते दुपारी 1

5:20 ला 108 ला फोन. 6:45 ला जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय. इसीजीवर मोठे, टोकदार, रुंद आकार आणि ठोका दर दोन सेकंदांनी, अगदी नियमित. इतकी वर्षं बेताल चालणारं हृदय औषधांवर असताना अचानक संथ आणि नियमित झालं, तर ती सुधारणा नव्हे. वरच्या कप्प्यांचा खालच्यांशी संबंध तुटल्याची ती खूण असू शकते.

अहवालाची वाट न बघता शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं जातं. ते पोटॅशियम कमी करत नाही, पण काही मिनिटांत हृदयाला त्याच्या माऱ्यापासून वाचवतं, अर्धा-एक तास. तेवढ्यात इन्सुलिन आणि ग्लुकोजने पोटॅशियम पेशींत ढकलायचं. नाडी 52 वर येते. अहवाल: पोटॅशियम 7.4, क्रिएटिनिन 5.1, आयएनआर 6.8. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या कडेला पांढरी चंद्रकोर.

इथून प्रत्येक उपाय दुसऱ्याच्या वाटेत येतो. व्हिटॅमिन के लगेच दिलं, पण त्याचा परिणाम व्हायला कित्येक तास लागतात. तोवर गोठवणारे घटक बाहेरून द्यायचे. प्लाझ्मा द्यायचा तर आप्पांच्या वजनाला तीन-चार पिशव्या, आणि लघवी बंद असलेल्या माणसाच्या फुप्फुसांत ते पाणी भरतं. त्याच घटकांचं घट्ट इंजेक्शन, प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, थोडक्यात काम करतं, पण महाग आणि सगळीकडे मिळत नाही. पोटॅशियम काढायला डायलिसिस हवं, पण नेहमीचं डायलिसिस हेपारिन वापरून होतं, म्हणजे रक्त आणखी पातळ. म्हणून हेपारिनशिवाय, नळ्या सलाईनने धूत, आणि मेंदूला सूज चढू नये म्हणून मंदगतीने. मेंदूचे शल्यविशारद आयएनआर खाली यायची वाट पाहतात. दुपारी 1 वाजता आप्पांना शस्त्रक्रियेला घेतात.

त्यानंतर

आप्पा वाचले असं धरू. तरी काही आठवड्यांनी प्रश्न उभा राहणारच: रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची का? ठोके अजून बेताल आहेत, गुठळीचा धोका गेलेला नाही, आणि मेंदूभोवती एकदा रक्तस्राव झालाय. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातली ती पिशवी उपकरणाने बंद करणं हा एक मार्ग आहे, पण त्यानंतरही काही काळ रक्त पातळ ठेवणारी औषधं लागतात. उत्तर प्रत्येक रुग्णात वेगळं निघतं, आणि ते हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी एकत्र बसूनच काढावं लागतं.

त्या पाच दिवसांत कोणीही बेफिकीर वागलं नाही. डॉक्टरांनी जुलाबाला औषध दिलं, सुनेने शहाळं, नातवाने वेदनाशामक, आप्पांनी शिस्तीने गोळ्या घेतल्या. सगळ्यांनी महिन्यापूर्वीच्या आप्पांवर उपचार केले. शुक्रवारपासून घरात होते ते आप्पा वेगळे होते, कारण डोस माणसाला लिहिला जात असला तरी तो बसतो त्या दिवसाच्या मूत्रपिंडाला.

म्हणून अशा रुग्णाच्या घरी चार गोष्टी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात. जुलाब-उलटी झाली तर लघवीची आणि रक्तदाबाची कोणती गोळी थांबवायची. नाडी किती खाली गेली की फोन करायचा. नवं औषध सुरू झालं तर किती दिवसांत आयएनआर आणि पोटॅशियम बघायचं. आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने ना थांबवायची ना चालू ठेवायची, त्याच दिवशी विचारायचं. चिठ्ठीवर डोसशेजारी ज्या क्रिएटिनिनवर तो ठरला तो आकडा आणि तारीख असली, तर शुक्रवारच्या डॉक्टरांनाही आणि मेडिकलवाल्यालाही एका नजरेत कळेल की हा डोस आता जुना झालाय.