सायकल आणि कामकरी माणूस

यंदाच्या वसंतात आम्ही सायकलीवर बोलणार हे कळल्यावर आर्णीतल्याच एका स्नेह्यांनी विचारले, “काय हो, युनियनची भाषणे संपली वाटते?” प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्याचे उत्तर गंभीरपणे देणे भाग आहे. मजुरांच्या हिताचे जे थोडेबहुत काम आमच्या हातून झाले, त्यातले निम्मे सायकलीच्या पाठीवर झाले. आर्णीला रेल्वे आली नाही. शकुंतला मूर्तिजापुराहून निघून दारव्ह्यावरून यवतमाळला गेली. आमच्या वाट्याला रस्ता तेवढा आला. लोणबेहळ, जवळा, सावळी सदोबा अशा गावी सभा घ्यायची तर मजूर शेतातून, जिनातून परतल्यावरच ती घ्यावी लागे, आणि सभा संपेपर्यंत परतीची शेवटची एस.टी. निघून गेलेली असे. तेव्हा सायकल हे आमचे वाहन होते, कॅरियरला बांधलेली पिशवी हे कार्यालय होते, आणि दांडीवर बसलेला सोबती ही कार्यकारिणी होती.

या यंत्राचा जन्म काही मजुराच्या घरी झालेला नाही. 1817 साली मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने दोन चाकांचा लाकडी सांगाडा केला. त्याला पायडल नव्हते; बसणाऱ्याने जमीन पायांनी रेटायची. पुढे 1860 नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले, मग तेच चाक पुरुषभर उंच झाले आणि श्रीमंतांच्या धाडसी मुलांचे ते खेळणे बनले. 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ काढली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि साखळीने मागचे चाक फिरे. 1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. आज बाजारात उभी असलेली कोणतीही सायकल, मग ती पन्नास हजारांची का असेना, त्या रोव्हरच्याच वंशातली आहे.

किमती उतरल्या आणि जुन्या सायकली विक्रीला येऊ लागल्या, तेव्हा कारखान्यातला कामगार तिच्यावर बसला. बसल्याबरोबर त्याने काय करावे? 1894 साली बर्मिंगहॅममध्ये ‘क्लॅरियन’ नावाच्या समाजवादी पत्राच्या वाचकांनी सायकल क्लब काढला. रविवारी खेडोपाडी जायचे, पत्रके वाटायची, सभा घ्यायच्या. जर्मनीत 1896 साली कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडारिटेट’ हा संघ उभा राहिला. 1933 साली नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी तो मोडून काढला. सायकली चालवणाऱ्यांच्या संघाची कोणाला काय भीती, असे वाटेल. पण सावकाराच्या बैलगाडीवाचून आणि मालकाच्या लॉरीवाचून दहा कोस हिंडणारा माणूस कोणाकोणाला खुपतो, हे आम्ही पाहिलेले आहे.

आता आपल्याकडचे पाहू. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात एक मोठे घराणे सायकलीच्या दुकानातून निघाले, ही गोष्ट आपल्या मुलांना पुरेशी ठाऊक नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. त्यांनी मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवायच्या आणि वडीलबंधू रामूअण्णांनी तेथे त्या विकायच्या, इतकेच नव्हे तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा तो व्यवहार होता. किर्लोस्कर घराणे आपल्या उद्योगाचा आरंभ 1888 पासून धरते तो याच दुकानामुळे. पुढे तंत्रशाळेत आपल्याला डावलून बढती दुसऱ्याला दिलेली पाहून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावला आले. मग कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने तो नांगर आरंभी खपेना. 1910 साली औंध संस्थानात कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना गेला व त्याची किर्लोस्करवाडी झाली.

हा क्रम आमच्या मते योगायोगाचा नाही. त्याच काळात अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी 1892 साली सायकलीचे दुकान काढले आणि 1903 साली त्याच दोघांनी विमान उडवले. एकाने नांगर केला, दुसऱ्यांनी विमान केले. दोघांचे हात प्रथम सायकलीच्या तेलाने काळे झाले होते. कारण सायकल हे असे यंत्र आहे की ते आपले काहीही झाकून ठेवत नाही. साखळी दिसते, दाते दिसतात, चाकाच्या तारा दिसतात. आत आहेत ते छर्रे, आणि तेही दोन पान्यांनी बाहेर काढता येतात. ज्याला कॉलेजची पायरी चढता आली नाही त्याला यंत्रशास्त्राची बाराखडी गिरवायला याहून स्वस्त शाळा नव्हती. आम्ही त्याच शाळेचे विद्यार्थी.

सायकली पुढे येथेच होऊ लागल्या. 1939 च्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालात आसनसोल, सोनिपतला 1951 साली अ‍ॅटलस, आणि लुधियान्यात फाळणीनंतर स्थिरावलेल्या मुंजाल बंधूंची 1956 ची हीरो. 1986 साली हीरोचे नाव जगातला सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेले. घड्याळ, रेडिओ आणि सायकल या तिन्ही वस्तू हुंड्याच्या यादीत बसल्या, ही तिची प्रतिष्ठा म्हणावी की विटंबना? नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीटचा दंड यांच्या कहाण्या येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आमच्याहून जास्त ठाऊक असतील. वरळीचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला आणि अखेर तोही बंद पडला. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातल्या कामगारांना काम थांबल्याची नोटीस मिळाली ती 3 जून 2020 रोजी. राष्ट्रसंघाने 2018 सालीच 3 जून हा जागतिक सायकल दिन ठरवलेला आहे.

आमच्या वडिलांची सायकल काळी होती. नळी चोवीस इंची, ब्रेक सळईचे. वडील जिनात हमाली करीत. ती त्यांनी कोणाकडून तरी वापरलेली घेतली, तेव्हा आमचे पाय नळीवरून पोचत नसत. म्हणून कैची मारून, मग हाफ पायडल, मग फुल पायडल, या क्रमाने आम्ही शिकलो. तिचे ओव्हरऑइलिंग (मूळ शब्द निराळा आहे, पण तेलाशिवाय ते काम होत नसल्याने आपल्या लोकांनी केलेला शब्दच अधिक बरोबर) करणारे एक वस्ताद बसस्टँडजवळ झाडाखाली बसत. एकदा त्यांची पाठ फिरलेली पाहून आम्ही मागचे चाक खोलून ठेवले आणि फुशारकीने उभे राहिलो. वस्ताद म्हणाले, “खोलाले कोणालेही येते, पोट्ट्या. पुन्हा बसव, मंग बोल.” बसवायला आम्हाला दोन दिवस लागले. सगळे छर्रे भरल्यावर एक उरला म्हणून आम्ही घाबरलो होतो. वाटी गच्च भरायची नसते, जरा मोकळी जागा ठेवावी लागते, हे तेव्हा समजले.

वडील गेल्यावर सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. तीन वर्षांपूर्वी ती उतरवली. ज्यांच्या घरी अशी सायकल असेल त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. प्रथम घाई करून रंग खरवडू नये. काळ्या मुलाम्यावरची सोनेरी रेघ आणि पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला ही तिची जन्मपत्रिका आहे. ती पुसून वर चकचकीत रंग मारला की हाती उरते ती जुन्या लोखंडाची नवी सायकल. क्रँकची कॉटर पीन गंजून बसलेली असते. तिच्यावर तेल सोडून रात्र जाऊ द्यावी, आणि ठोकताना क्रँकखाली भक्कम टेकू द्यावा, नाहीतर पीन राहते जागेवर आणि वाटीला खड्डे पडतात. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. जोर करून तो मोडणारे शहाणे आम्ही पुष्कळ पाहिले. टायर घेताना कडेचा आकडा वाचावा. जुन्या रिमला 635 चा टायर लागतो, नव्या शहरी सायकलीला 622 चा. दोघांनाही दुकानदार अठ्ठावीसच म्हणतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय केले आहे. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली, दुमडणारी बी.एस.ए. सायकलही तेथे आहे. सवड होईल त्याने अवश्य पाहावे.

मात्र जुने ते सोने, असे आम्ही म्हणणार नाही. श्रावणातल्या सरीत अरुणावतीच्या पुलाच्या उताराला सळईचा ब्रेक ओल्या रिमवर नुसता घसरत गेला आणि आम्ही काठावरच्या बाभळीत जाऊन पडलो. तिची खूण अजून कपाळावर आहे. पावसात आजचा डिस्क ब्रेक शतपटीने बरा. नळी खाली वाकवलेली सायकल लुगड्यातल्या बाईला चालवता येते, ही सुधारणा तर गिअरहूनही मोठी. तामिळनाडूत पुदुकोट्टईला 1990 नंतर साक्षरतेच्या चळवळीतून हजारो बाया सायकल शिकल्या, त्यांत दगडखाणीत राबणाऱ्याही होत्या. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. शाळा सुटते ती बहुधा पाचव्या मैलावर, हे आम्ही घरोघरी ऐकले आहे.

परंतु घेताना डोळे उघडे ठेवावेत. आमच्या पुतण्याने एकवीस गिअरची, पुढे शॉक अ‍ॅब्झॉर्बर असलेली सायकल आणली. त्यातले चार गिअर आर्णीत लागतात. तो स्वस्तातला शॉक अ‍ॅब्झॉर्बर वजनाला जड आणि धक्क्याला निरुपयोगी निघाला. गिअरचा एक लहानसा सुटा भाग मोडला तर तो येईपर्यंत सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहिली. पोलादी सांगाडा चिरला तर गावचा वेल्डर जोडतो. अ‍ॅल्युमिनियमचा चिरला तर तो हात जोडतो. म्हणून आम्ही विचारणाऱ्याला एवढेच सांगतो: सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकली की पाय सरळ व्हावा, इतकी उंची पाहा, मग दुकानदाराला विचारा की हिची तार, साखळी, ब्रेकचा गुटका गावात मिळतो काय, आणि ती कोण बसवून देईल. दूध, चारा, गॅसची टाकी वाहायची असेल त्याने काळीच घ्यावी. पोटासाठी रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याने हलकी घ्यावी, गिअर थोडे घ्यावेत.

वडिलांची सायकल चालू झाली आहे. आजही आम्ही तिच्यावरूनच आलो. ती बाहेर उभी आहे, पाहायची त्यांनी पाहावी. मागचे चाक मात्र अजून किंचित आऊट आहे. वस्ताद आता नाहीत, त्यांच्या झाडाखाली मोबाइलची कव्हरे विकली जातात, आणि चाळीस तारांचे चाक कानाने ऐकून कसणारा हात आम्हाला सापडलेला नाही. कोणाच्या ओळखीत, दारव्ह्याला, दिग्रसला, कोठेही, असा मिस्त्री असेल तर जाण्यापूर्वी आम्हाला त्याचा ठिकाणा सांगून जावे.