पावतीपुस्तक घेऊन फिरणारी

वर्धापनदिनी देणगीदारांची नावे वाचतात. देणगी मागत दारोदार फिरलेलीचे नाव कोण घेतो?

देवरुखच्या पार्वतीबाई आठवले (जन्म १८७०) तरुणपणीच विधवा झाल्या. तेव्हा आपले मालवणही त्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली, इंग्रजी नीट येत नसताना, अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. अण्णासाहेबांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते योग्यच. पण आश्रमाला पार्वतीबाईंचे पायही लागले होते.

पावतीपुस्तक घेऊन उन्हात आलेल्या बाईला “उद्या ये” म्हणण्याची चूक मीही केली आहे. यापुढे तिला पडवीत बसवून गूळपाणी देऊ, आणि आज तिचेही नाव वाचू.